पडशी आणि तिसरा वर्ग

गर्दीच्या गाडीचा एक नियम आपणां सर्वांच्या अनुभवाचा आहे. फलाटावरचा माणूस डब्याच्या दाराशी येऊन काकुळतीने म्हणतो, "अहो, जरा आत सरका, पुष्कळ जागा आहे." हाच माणूस एकदा आत शिरला आणि पाठ टेकण्यापुरती जागा त्याला मिळाली, की पुढच्या स्थानकावर तोच दार अडवून सांगू लागतो, "जागा नाही, पुढच्या डब्यात जा!" ही दोन्ही वाक्ये आम्ही स्वतः उच्चारलेली आहेत, तेव्हा कोणाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु युरोपातील स्वस्त प्रवासाचा इतिहास वाचीत असता आम्हांस असे आढळून आले की, दोनअडीचशे वर्षांची ती सारी हकीकत बव्हंशी या दोन वाक्यांच्या दरम्यान घडलेली आहे.

पाठीवर भलीमोठी पिशवी, खिशात मोजके पैसे आणि हातात सर्वांत हलक्या वर्गाचे तिकीट घेऊन परमुलूख पाहावयास निघालेला तरुण आज कोठेही दृष्टीस पडतो. त्याला पाहून आपण समजतो की हे नव्या काळाचे खूळ आहे. वस्तुतः या प्रवाशाला मोठी वंशावळ आहे. त्याला गाडीत जागा कोणी व कशी दिली, आणि ती देताना कोण कोण आडवे आले, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आगगाडीच्या आधीपासून आरंभ करू. अठराव्या शतकात इंग्लंडातील धनिकांचे चिरंजीव शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स-इटलीची यात्रा करीत. बरोबर शिक्षक, नोकर, घोड्यांची गाडी आणि सावकारांच्या नावे हुंड्या असत. आपल्यासारख्या माणसांचे ते काम नव्हे. अशा त्या काळात, १७९० च्या उन्हाळ्यात, केंब्रिजचे दोन विद्यार्थी सुटीतला अभ्यास बाजूस ठेवून १३ जुलैला फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरले. प्रत्येकाजवळ सुमारे वीस पौंड होते. सामान म्हणजे एकेक बोचके, आणि ते त्यांनी चक्क डोक्यावर घेतले होते. त्यांना पाहून खेड्यापाड्यांतील लोक हसत. दुसऱ्याच दिवशी बास्तीच्या पाडावाला एक वर्ष पुरे होत होते आणि सारा फ्रान्स उत्सवात बुडाला होता. त्या आनंदी देशातून बहुतेक पायी चालत हे दोघे आल्प्स ओलांडून गेले. त्यांपैकी एकाचे नाव रॉबर्ट जोन्स आणि दुसऱ्याचे विल्यम वर्डस्वर्थ. पुढे इंग्रजी काव्याला ज्याने निसर्गाची नवी दृष्टी दिली तो कवी हाच. खांद्यावर पडशी टाकून निघणाऱ्या युरोपीय प्रवाशाचा हा एक आद्य पुरुष म्हणावयास हरकत नाही. हे नाव आपण लक्षात ठेवावे, कारण याच गृहस्थांची गाठ आपणांस पुन्हा पडावयाची आहे.

१८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग खुला झाला आणि पाहता पाहता साऱ्या इंग्लंडावर रूळ पसरले. गरीब माणसासाठी ही गाडी आहे, असे मात्र कंपन्यांच्या मनातही नव्हते. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी त्यांनी घेतले खरे, पण ते उघड्या वाघिणींत. डोक्यावर छप्पर नाही, कडेचे कठडे ठेंगणे, बसण्यास कोठे फळी तर कोठे तीही नाही. पुष्कळदा या वाघिणी मालगाडीलाच जोडीत, म्हणजे धान्य, लोखंड आणि मजूर यांचा प्रवास एकाच हिशेबात पडे.

२४ डिसेंबर १८४१ ची पहाट. लंडनहून पश्चिमेकडे निघालेल्या अशाच एका मालगाडीत तिसऱ्या वर्गाचे उतारू होते. त्यांतील बरेचजण पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट असून नाताळासाठी घरी चालले होते. सॉनिंग या गावाजवळ रूळ एका खोल खिंडीतून जातात. पावसाने तेथील दरड कोसळली होती. एंजिन त्या मातीत घुसले, मागच्या मालाच्या वाघिणी पुढे रेटल्या गेल्या आणि मधली माणसे बाहेर फेकली गेली किंवा चेंगरली. नऊ माणसे दगावली. ज्यांच्या हातांनी पार्लमेंटची भिंत चढत होती तीच ही माणसे, हे पुष्कळांच्या मनाला लागले.

तीन वर्षांनी, १८४४ मध्ये, त्या वेळी व्यापारखात्याचा प्रमुख असलेल्या चौतीस वर्षांच्या ग्लॅडस्टन याने एक कायदा संमत करून घेतला. त्याची कलमे ऐकण्यासारखी आहेत. प्रत्येक नव्या मार्गावर दररोज दोन्ही दिशांनी निदान एक तरी गाडी अशी सोडावी की जी प्रत्येक स्थानकावर थांबेल. तिचा वेग थांबे धरून ताशी बारा मैलांहून कमी नसावा. डब्यास छप्पर व बैठक असावी. भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसावे. छप्पन्न पौंडांपर्यंत सामान फुकट, तीन वर्षांखालील मूल फुकट आणि बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. आपण आज मुलाचे अर्धे तिकीट काढताना त्यात कायद्याचा काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. कंपन्यांनी या गाड्या सोडल्या, पण आडवेळेला आणि रडतखडत. लोक त्यांना चेष्टेने "पार्लमेंटरी" म्हणू लागले. तरी मुद्दा एवढाच की, गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कोणा कंपनीच्या कनवाळूपणातून आले नाही. नऊ माणसे मेल्यावर आणि कायद्याने बांधून घेतल्यावर ते आले.

आता मौज पाहा. त्याच १८४४ सालात उत्तर इंग्लंडातील सरोवरांच्या रम्य प्रदेशात विंडरमेअरपर्यंत रेल्वे नेण्याची योजना निघाली. लँकशरच्या गिरण्यांतील कामगारांना सुटीच्या दिवशी डोंगर आणि पाणी दिसेल, असा तिचा एक उद्देश सांगितला जात होता. तिला विरोध करावयास उभा राहिला चौऱ्याहत्तर वर्षांचा राजकवी वर्डस्वर्थ! वर्तमानपत्रात पत्रे लिहून त्याने प्रतिपादन केले की, सृष्टिसौंदर्याची आवड ही हळूहळू जोपासावी लागते, गर्दीने आणून ओतलेल्या लोकांना तिचा काही लाभ व्हावयाचा नाही, उलट सरोवराकाठी कुस्त्या, शर्यती आणि दारूची दुकाने मात्र येतील. डोक्यावर बोचके घेऊन आल्प्स ओलांडणारा पोरगा आता डब्यात बसला होता आणि दाराशी उभ्या असलेल्या गिरणीकामगाराला सांगत होता की, जागा नाही.

आम्ही कवीचा उपहास करीत नाही. गर्दीने रम्य स्थळांची कशी दशा होते हे आपण आपल्या थंड हवेच्या ठिकाणी पाहतोच. व्हेनिस शहराने तर २०२४ पासून काही दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशकर बसविला. कवीची भीती खोटी नव्हती. चूक कोठे झाली असेल तर ती एवढीच की, गर्दी म्हणजे नेहमी दुसरे लोक, असे त्याने धरून चालले. विंडरमेअरची रेल्वे १८४७ मध्ये सुरू झाली आणि कामगार आले.

त्यांना आणणाऱ्यांमध्ये थॉमस कुक याचे नाव मोठे. हा मूळचा लाकूडकाम करणारा कारागीर, वृत्तीने धार्मिक आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी दारूबंदीच्या एका सभेसाठी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत खास गाडी ठरविली. सुमारे ५०० माणसे, भाडे एक शिलिंग. गुत्त्याला पर्याय म्हणून निघालेली ही सहल पुढे एका मोठ्या धंद्याचे बीज ठरली. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाला खेड्यापाड्यांतून त्याने दीड लाखांवर माणसे नेली, असे सांगतात. १८६३ मध्ये त्याने लोकांना स्वित्झर्लंडला नेले. त्या मंडळीत जेमायमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिने लिहिलेली प्रवासाची रोजनिशी शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, छापून निघाली. कुकच्या मंडळीबरोबर निघालेली स्त्री घरचा पुरुष सोबत नसताही परदेश पाहून येऊ शके, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आणि पुन्हा तेच झाले. चार्ल्स लीव्हर नावाचा आयरिश कादंबरीकार तेव्हा इटलीत ब्रिटिशांचा उपवकील होता. १८६५ मध्ये त्याने टोपणनावाने लेख लिहून या प्रवाशांची यथेच्छ टवाळी केली. ऑस्ट्रेलिया कैदी घेईना म्हणून इंग्लंड ते इटलीत पाठवू लागले आहे, अशी आवईसुद्धा त्याने उठविली! कुकने आपल्या पत्रातून खडसावून उत्तर दिले. सुंदर स्थळे ही काही निवडक लोकांची मिरास नव्हे, असा त्याचा आशय होता. हळूहळू कंपन्यांनाही उमगले की तिजोरी भरते ती या हलक्या तिकिटांनीच. १८७२ मध्ये मिडलंड रेल्वेने आपल्या सर्व गाड्यांना तिसरा वर्ग जोडला आणि १८७५ मध्ये दुसरा वर्ग काढून टाकून तिसऱ्याच्या बाकांवर गाद्या घातल्या. प्रतिस्पर्धी कंपन्या रागावल्या, पण कालांतराने त्याही त्याच वाटेने गेल्या.

येथवर आपला प्रवासी सहलीबरोबर जात होता. एकट्याने वा दोघाचौघांनी पाठीवर पिशवी टाकून निघण्याची रीत रुजविली जर्मन मुलांनी. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथे नोव्हेंबर १९०१ मध्ये शाळकरी मुलांची "वांडरफोगेल" म्हणजे भटके पक्षी या नावाची संस्था स्थापन झाली. शाळेची कडक शिस्त आणि घरचा गुळगुळीत दिवाणखाना या दोहोंना कंटाळून ही मुले रविवारी हलक्या वर्गाच्या गाडीने शहराबाहेर पडत, मग रानोमाळ चालत, उघड्यावर रांधीत आणि जुनी लोकगीते गात. पण रात्री निजावयाचे कोठे? याचे उत्तर रिचर्ड शिरमान या शाळामास्तराने शोधले. ऑगस्ट १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन तो पदयात्रेला निघाला असता वाटेत भयंकर वादळ झाले. एका खेड्यातील शाळेने त्यांना एक वर्ग उघडून दिला, शेतकऱ्याकडून पेंढा मिळाला आणि मुले निजली. मास्तरांना मात्र झोप आली नाही. विजांच्या उजेडात त्यांच्या मनात आले की, सुटीत ओस पडणाऱ्या गावोगावच्या शाळा अशा उघडल्या तर? १९१२ मध्ये आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे तरुण-निवास सुरू झाले. वीस वर्षांत एकट्या जर्मनीत अशी दोन हजारांवर घरे झाली. इंग्लंडात १९३० मध्ये अशीच संस्था निघाली, तेथे रात्रीचा आकार एक शिलिंग. १९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे निरनिराळ्या देशांतील संस्थांचा संघ स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी शिरमान त्याचे अध्यक्ष झाले.

ते पुढले वर्ष म्हणजे १९३३. हिटलर सत्तेवर आला, ती घरे हिटलरच्या तरुण-सेनेच्या ताब्यात गेली आणि ज्यू मुलांना त्यांची दारे बंद झाली. शिरमानांनाही काही वर्षांत बाजूस व्हावे लागले. गाणी तीच राहिली, पिशव्या त्याच राहिल्या, पण पावले आता एका तालात पडू लागली. येथे एक गोष्ट सांगावीच लागते. राऊल हिलबर्ग या इतिहासकाराने जर्मन रेल्वेच्या दप्तरांतून ती दाखवून दिली आहे. ज्यू स्त्री-पुरुषांना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचा आकार रेल्वेने रीतसर लावला होता. दर तिसऱ्या वर्गाचा: प्रौढाला किलोमीटरमागे चार फेनिग, दहा वर्षांखालील मुलाला अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मूल फुकट. चारशेंहून अधिक माणसे असल्यास समूहाची सवलत म्हणून निम्मा दर. नेणाऱ्या पहारेकऱ्यांचे भाडे जातायेताचे, इतरांचे एकेरी. प्रत्यक्षात ती माणसे कोंबली जात होती गुराढोरांच्या वाघिणींत.

ग्लॅडस्टनच्या कायद्यात मुलाचे अर्धे तिकीट होते आणि येथेही आहे. कुकच्या सहलीला समूहाची सवलत होती आणि येथेही आहे. स्वस्त दर, मोठी गाडी आणि चोख वेळापत्रक यांत स्वतःचे असे काही पुण्य नसते. प्रवाशाला आपल्या मर्जीने चढता येते की नाही, आणि उतरून घरी परतता येते की नाही, यावर सारे अवलंबून असते. प्रवासाने माणसे जवळ येतात असे आपण सहज म्हणून जातो. हे उदाहरण आठवून ते वाक्य जरा सांभाळून उच्चारावे, असे आम्हांस वाटते.

युद्ध संपले, पूल पुन्हा बांधले गेले. ३ जून १९५६ पासून युरोपातील रेल्वेंनी तिसरा वर्ग नावाने रद्द केला. बहुतेक ठिकाणी तिसऱ्याचेच नाव दुसरा झाले, बाके तीच राहिली. मग १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त "इंटररेल" नावाचा एक परवाना काढण्यात आला. एकवीस वर्षांपर्यंतच्या कोणाही युरोपवासी तरुणाने साडेसत्तावीस पौंड भरावे आणि एक महिना एकवीस देशांत दुसऱ्या वर्गाने वाटेल तितके हिंडावे. स्वतःच्या देशात तेवढे निम्मे भाडे द्यावे लागे. त्या वर्षापुरतीच काढलेली ही योजना इतकी लोकप्रिय झाली की ती आजही चालू आहे. १९९८ पासून तर तिला वयाची अटही राहिलेली नाही.

त्या पहिल्या वर्षांतील उन्हाळ्याच्या गाड्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मुद्दाम रात्रीची गाडी धरावयाची, म्हणजे निजण्याचे भाडे वाचते. सहा-आठ जणांच्या खोलीत जागा नाहीच, म्हणून बाहेरच्या बोळात पिशवी उशाला घेऊन आडवे व्हावयाचे. जाणारायेणारा अंगावरून पाय टाकून जातो. कोणाजवळ पाव आहे, कोणाजवळ चीज, भाषा अर्धीमुर्धी, पण वाटून खाण्याला व्याकरण लागत नाही. स्पेनच्या सरहद्दीवर गाडी बदलावयाची, कारण तेथील रूळ आपल्या ब्रॉडगेजच्या जवळपास, म्हणजे उरलेल्या युरोपाहून अधिक रुंद. फ्रान्समधून आलेला मुलगा पलीकडे उतरे तो फ्रँकोच्या हुकूमशाहीत. पोर्तुगालातही १९७४ पर्यंत हुकूमशाहीच होती. अशा देशांतील समवयस्क मुले चहाकॉफीच्या दुकानात दबल्या आवाजात काय बोलतात, हे या प्रवाशांनी आपल्या कानांनी ऐकले. आगगाडीच्या बोळाने हुकूमशाही पाडली असे आम्ही म्हणणार नाही, पण शेजारचा देश म्हणजे नकाशावरचा निराळा रंग, ही समजूत त्या बोळात बरीच पुसली गेली.

तथापि त्याच बोळात आणखी एक माणूस उभा होता, आणि त्याची आठवण प्रवासवर्णनांत फारशी येत नाही. पश्चिम जर्मनीला कारखान्यांसाठी हात हवे होते. तिने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६४ मध्ये पोर्तुगालशी आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी करार केले. त्यांना म्हणत "पाहुणे कामगार". इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातून निघालेला तुर्क दोनतीन दिवस बसून म्यूनिकच्या अकराव्या फलाटावर उतरे. निघण्याआधी त्याचे दात, छाती, हात तपासलेले असत. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनमधील डॉइट्झ स्थानकावर ध्वनिक्षेपकातून एक नाव पुकारले गेले: अर्मांडो रोद्रिगेस द सा. हा पोर्तुगीज सुतार घाबरला, आपल्याला परत धाडतात की काय असे त्याला वाटले. पण तो ठरला होता दहा लाखावा पाहुणा! त्याला फुले आणि एक मोटारसायकल भेट मिळाली, छायाचित्रे निघाली. ते वाहन आज बॉनच्या संग्रहालयात आहे. तो माणूस मात्र आजारी होऊन मायदेशी गेला, गाठीचे पैसे औषधपाण्यात संपले आणि १९७९ मध्ये पोटाच्या कर्करोगाने तो वारला. आजारपणात त्याला जर्मनीतून काही मदत मिळू शकली असती, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, असे म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुटीत हे कामगार घरी जात तेव्हा अथेन्स आणि इस्तंबूलच्या गाड्या तुडुंब भरत. एकाच बोळात एकाच्या पाठीवर पिशवी, दुसऱ्याच्या हातात दोरीने बांधलेली पेटी. दोघांचीही झोप सारखीच मोडे. पहिला कधी परतावयाचे ते स्वतः ठरवी, दुसऱ्याचे ते कारखाना ठरवी. १९७३ च्या नोव्हेंबरात जर्मनीने नवी भरती थांबविली, म्हणजे पुन्हा दाराशी कोणीतरी म्हणाले की, जागा नाही. आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०१५ च्या आरंभी, बुडापेस्टच्या केलेटी स्थानकावर, हातात तिकिटे असलेल्या निर्वासितांना पोलिसांनी आत जाऊ दिले नाही. युरोपीय संघ २०१८ पासून दरवर्षी अठरा वर्षांच्या हजारो मुलांना रेल्वेचे मोफत परवाने देत आहे, तोही याच युरोपात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी झाकली जात नाही.

श्रोतेहो, आपल्या देशात तिसऱ्या वर्गाचे हाल महात्माजींनी स्वतः सोसून १९१७ मध्ये लिहून काढले. १९७४ मध्ये तो वर्ग नावाने गेला, गर्दी राहिली. म्हणून ही परदेशची कथा आपणांस परकी वाटू नये. आपली मुले पाठीवर पिशवी टाकून दूरदेशी निघाली तर त्यांना अवश्य जाऊ द्यावे. निघताना मात्र त्यांना सांगावे की, ज्या स्वस्त तिकिटावर तू जातोस ते सॉनिंगच्या पाथरवटांनी आणि शिरमानमास्तरांसारख्या माणसांनी तुझ्यासाठी मिळविले आहे. बोळात शेजारी पेटी घेऊन कोणी उभा असेल तर त्याला त्याचे गाव विचार. आणि पुढच्या स्थानकावर कोणी दार ठोठावील, तेव्हा जरा आत सरक.